अफूची गोळी आणि मेंदूतील अफू : वेदना, न्यूरोपेप्टाइडे व मॉर्फिनचा परिणाम यांचा इतिहास (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अफू हे मनुष्याला ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या वेदनाशामकांपैकी एक होय. संस्कृत वैद्यकात त्यास 'अहिफेन' अशी संज्ञा आहे व शार्ङ्गधरसंहितेत त्याचा उल्लेख येतो. महाराष्ट्रात दिवाळीच्या अनारशांवर जी खसखस लावली जाते, ती याच झाडाचे बी आहे. बी निरुपद्रवी असते. परंतु त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्यावर जो चीक पाझरतो, ती अफू. एकाच बोंडातील या दोन पदार्थांपैकी एक स्वयंपाकघरात राहिला, तर दुसरा व्यापार, व्यसन, कायदा आणि वैद्यक यांच्या इतिहासात शिरला.

या इतिहासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. अफूची तीच मात्रा एकाला शांत झोप देते, दुसऱ्याचा जीव घेते आणि तिसऱ्याची वेदना मात्र तिने तसूभरही कमी होत नाही. असे का व्हावे? दीर्घकाळ या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः पदार्थात, म्हणजे अफूच्या प्रतीत, शुद्धतेत आणि वजनात शोधले गेले. १९७० नंतरच्या संशोधनाने ते उत्तर मेंदूत शोधण्यास सुरुवात केली. चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी अमिनो आम्लांच्या ज्या लहान साखळ्या वापरतात, त्यांना न्यूरोपेप्टाइडे म्हणतात. यांपैकी काही वेदना शमवतात, काही वेदना वाढवतात, तर काही मॉर्फिनचा परिणामच खोडून काढतात.

प्रस्तुत लेखात या संशोधनाचा इतिहास आणि महाराष्ट्रातील अफू व मॉर्फिनचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, ज्या दशकात मॉर्फिनचा परिणाम रुग्णागणिक का बदलतो हे विज्ञानाला उमगू लागले, त्याच दशकात भारतीय कायद्याने मॉर्फिनकडे केवळ वजनात मोजावयाचा धोकादायक पदार्थ म्हणून पाहिले आणि या विसंगतीची किंमत प्रामुख्याने कर्करुग्णांनी मोजली.

मुंबई बंदर, अफू आणि बाळागोळी

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या भरभराटीत कापसाइतकाच अफूचाही वाटा होता. बंगाल-बिहारमधील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीचा एकाधिकार होता. परंतु माळव्याची अफू संस्थानिकांच्या मुलखात पिकत असल्याने तिच्यावर तसे नियंत्रण बसवता आले नाही. ती कराची, दमण, दीव अशा मार्गांनी चीनकडे जात असे. १८३० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने जकात घेऊन माळव्याच्या अफूला मुंबईमार्गे जाण्याचे परवाने देण्यास प्रारंभ केला. १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यावर पर्यायी मार्ग बंद झाले आणि मुंबई हे या व्यापाराचे मुख्य बंदर ठरले. चीनला होणारी ही निर्यात १९०७ च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने घटत जाऊन १९१३ मध्ये थांबली.

या व्यापारातून ज्यांनी मोठी संपत्ती मिळवली, त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्याच देणगीतून भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले व १८४५ मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजसह सुरू झाले. अफूच्या व्यापारातून आलेला पैसा पश्चिम भारतातील आधुनिक वैद्यकाच्या पायाशी आहे, ही गोष्ट या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

अफूचा दुसरा प्रवास चाळींमधून झाला. गिरणीत कामाला जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना दिवसभर झोपवून ठेवण्यासाठी अफू घातलेली 'बाळागोळी' देत असत. १८९३ ते १८९५ या काळात काम केलेल्या शाही अफू आयोगापुढे या प्रथेविषयी साक्षी झाल्या आणि १९२० च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांच्या पाहणीतही हीच प्रथा नोंदवली गेली. पाळणाघर नाही, बाळंतपणाची पगारी रजा नाही आणि कामाचे तास दीर्घ, अशा परिस्थितीत बाळागोळी हा आईचा निष्काळजीपणा नव्हता, तर तिच्यापुढे उरलेला तो एक मार्ग होता. तथापि लहान बाळाच्या मेंदूतील श्वसनाचे केंद्र अफूला अत्यंत संवेदनशील असते. मोठ्या माणसाला जी मात्रा जाणवणारही नाही, तिने बाळाचा श्वास मंदावू शकतो. 'एका गोळीने सगळी मुले सारखीच झोपतात' हा समज त्यामुळे अनेकदा घातक ठरला. पदार्थ तोच असला तरी शरीर तेच नसते, या तत्त्वाचा अनुभव मुंबईच्या चाळींनी प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी घेतला होता.

मॉर्फिन आणि मेंदूतील कुलूप

जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिश झेर्ट्युर्नर याने १८०५ च्या सुमारास अफूतील मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे केले व ग्रीक पुराणकथांतील स्वप्नदेवता मॉर्फियस हिच्या नावावरून त्याचे नामकरण केले. १८२७ पासून मर्क कंपनीने मॉर्फिनचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि १८५० च्या दशकात पोकळ सुई व पिचकारी प्रचारात आल्यावर ते थेट शरीरात टोचणे शक्य झाले. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजता येऊ लागली. परिणाम मात्र पूर्वीइतकाच अनिश्चित राहिला.

ही अनिश्चितता दुसऱ्या महायुद्धात ठळकपणे पुढे आली. अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४४ मध्ये इटलीतील अँझियो येथील आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांची पाहणी केली. पूर्ण शुद्धीत असलेल्या या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेदनाशामकाची गरज नसल्याचे सांगितले. एवढ्याच किंवा याहून लहान शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी सामान्य नागरिक मॉर्फिनची मागणी करीत असत. बीचर यांच्या मते फरक जखमेत नव्हता, तर जखमेच्या अर्थात होता. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती.

१९५० आणि १९६० च्या दशकांत रसायनशास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट दिसून आली. मॉर्फिनसदृश काही रेणू एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे असतात. त्यांतील एक प्रभावी वेदनाशामक ठरतो, तर दुसऱ्यात तो गुण जवळजवळ नसतो. एवढ्याशा आकारभेदाने परिणाम नाहीसा होत असेल, तर मेंदूत या रेणूसाठी नेमक्या आकाराचे कुलूप, म्हणजेच ग्राही असला पाहिजे, असा तर्क पुढे आला. १९७३ मध्ये कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे मेंदूतील हा ग्राही प्रत्यक्ष दाखवून दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला.

यातून साहजिकच पुढचा प्रश्न निर्माण झाला. सस्तन प्राण्यांच्या मेंदूने खसखशीच्या झाडाच्या किल्लीसाठी कुलूप कशाला बाळगावे? ती किल्ली मेंदू स्वतःच तयार करीत असला पाहिजे.

मेंदूची स्वतःची अफू

या किल्लीचा शोध स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे लागला. जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूपासून पाच-पाच अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे वेगळी केली व १९७५ मध्ये त्यांची रचना प्रसिद्ध केली. त्यांना 'एन्केफॅलिन' हे नाव मिळाले. १९७६ मध्ये चोह हाओ ली व त्यांचे सहकारी यांनी उंटाच्या पीयूषिका ग्रंथीतून ३१ अमिनो आम्लांचे बीटा-एन्डॉर्फिन मिळवले. १९७९ मध्ये अ‍ॅव्हरम गोल्डस्टाइन यांच्या गटाने डायनॉर्फिन या तिसऱ्या कुळाचे वर्णन केले.

ही पेप्टाइडे वेदना कशी शमवतात, याचा उलगडा दोन दिशांनी झाला. पहिली दिशा मेरुरज्जूची. त्वचेकडून व अवयवांकडून येणारे वेदनेचे निरोप मेरुरज्जूच्या मागील भागात पोहोचतात. तेथे निरोप पुढे नेणाऱ्या द्रव्यांपैकी एक म्हणजे 'सबस्टन्स पी' हे ११ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. उल्फ फॉन ऑयलर व जॉन गॅडम यांनी १९३१ मध्येच त्याचा शोध लावला होता. अफूसदृश द्रव्ये या सबस्टन्स पीचे स्रवणे रोखतात, हे १९७७ मध्ये टॉम जेसेल व लेस्ली आयव्हर्सन यांनी उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांवर दाखवून दिले.

दुसरी दिशा मेंदूकडून मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या आदेशांची. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतील एका लहानशा भागाला विद्युत उद्दीपन दिले आणि अन्य कोणतीही भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. मेंदूतील पोकळ नलिकेभोवतीच्या करड्या द्रव्याचा हा भाग उद्दीपित झाला की, तेथून मेरुरज्जूपर्यंत आदेश जातात व वेदनेचे दार अंशतः बंद होते. अफूचा परिणाम घालवणारे नॅलोक्सोन हे औषध दिल्यास या शमनाचाही काही भाग नाहीसा होतो, असे हुडा अकील, डेव्हिड मेयर व जॉन लीबेस्किंड यांना आढळले. म्हणजे या शमनात मेंदूच्या स्वतःच्या अफूचा सहभाग होता.

१९७८ मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन व हॉवर्ड फील्ड्स यांनी दात काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगाने ही गोष्ट मनुष्याच्या बाबतीतही पुढे आणली. औषधी द्रव्य नसलेले इंजेक्शन, ज्याला प्लासिबो म्हणतात, ते दिल्यावर काही रुग्णांच्या वेदना कमी झाल्या. परंतु नॅलोक्सोनने तो आराम नाहीसा केला. आराम पडेल या अपेक्षेनेही मेंदूतील अफू स्रवते, असा याचा अर्थ होता. अँझियोच्या सैनिकांविषयी बीचर यांनी जे निरीक्षण नोंदवले होते, त्याला शरीरशास्त्राचा एक संभाव्य आधार मिळाला.

अफूविरोधी पेप्टाइडे

शरीरात वेदनाशामक पेप्टाइडे आहेत, एवढाच शोध लागला असता तर कथा सोपी झाली असती. परंतु मेंदू कोणत्याही एका दिशेने सैल सुटत नाही. १९८३ मध्ये डेव्हिड मेयर, लिंडा वॉटकिन्स व सहकाऱ्यांनी कोलेसिस्टोकायनिन हे पेप्टाइड मॉर्फिनच्या वेदनाशमनाला विरोध करते असे दाखवले. पित्ताशयाच्या आकुंचनाशी संबंधित म्हणून हे पेप्टाइड आधीपासून माहीत होते. ते मेंदूतही विपुल असते. त्याचा ग्राही अडवल्यास मॉर्फिनची तीच मात्रा अधिक परिणामकारक ठरते. १९८५ मध्ये गाईच्या मेंदूतून न्यूरोपेप्टाइड एफएफ हे आणखी एक अफूविरोधी पेप्टाइड मिळाले. १९९५ मध्ये नोसिसेप्टिन सापडले. रचनेने ते डायनॉर्फिनचे भावंड शोभावे असे आहे, परंतु मेंदूत ते वरच्या बाजूस दिल्यास मॉर्फिनच्या विरुद्ध आणि मेरुरज्जूत दिल्यास वेदनाशमनाच्या बाजूने काम करू शकते.

या शोधांमुळे रुग्णालयात रोज दिसणाऱ्या तीन गोष्टींकडे नव्याने पाहता आले.

पहिली गोष्ट मज्जातंतूंना झालेल्या इजेची. मज्जातंतू दबल्याने किंवा तुटल्याने होणारी वेदना मॉर्फिनला कमी दाद देते, हा डॉक्टरांचा जुना अनुभव आहे. उंदरांमध्ये मज्जातंतूला इजा झाल्यावर संबंधित चेतापेशींमध्ये कोलेसिस्टोकायनिनचे प्रमाण वाढते, असे १९९० च्या दशकात दिसून आले. मॉर्फिनला प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णाचे दुखणे खोटे नसते. त्याच्या शरीरातील तोल बदललेला असतो.

दुसरी गोष्ट सरावाची. दीर्घकाळ मॉर्फिन दिल्यास तोच आराम मिळण्यासाठी कधी कधी अधिक मात्रा लागते. याची कारणे अनेक आहेत. शरीराने मॉर्फिनला तोलण्यासाठी आपली विरोधी पेप्टाइडे वाढवणे हे त्यांपैकी एक मानले जाते.

तिसरी गोष्ट भीतीची. इटलीतील तुरीन येथे फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, आता वेदना वाढणार असे सांगितलेल्या लोकांच्या वेदना खरोखरच वाढल्या. मात्र कोलेसिस्टोकायनिन अडवणारे प्रोग्लुमाइड दिल्यावर ही वाढ टळली. याच गटाच्या पुढील प्रयोगांत, रुग्णाला न कळता यंत्राने दिलेल्या वेदनाशामकापेक्षा, समोर उभे राहून, सांगून दिलेले तेच वेदनाशामक अधिक परिणामकारक ठरले. धीराचे शब्द आणि धास्तीचे शब्द हे दोन्ही मेंदूच्या रसायनात उतरतात.

तथापि, पेप्टाइड सापडले म्हणजे औषध सापडले असे होत नाही. सबस्टन्स पीचा ग्राही अडवणारी औषधे प्राण्यांमध्ये यशस्वी ठरली, परंतु मनुष्याच्या वेदनेवर ती अपयशी ठरली. त्यांपैकी अप्रेपिटंट हे औषध २००३ मध्ये बाजारात आले, ते कर्करोगाच्या रसायनोपचारातील उलट्या रोखण्यासाठी. वेदना एका द्रव्यावर उभी नसते. एक दार बंद केले तरी निरोप दुसऱ्या दाराने जातो.

नागपूर येथील संशोधन

या जागतिक संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील पेप्टाइडांवर दीर्घकाळ काम केले. या गटाने २००९ मध्ये 'न्यूरोपेप्टाइड्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला शोधनिबंध प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहे. त्यात न्यूरोपेप्टाइड वाय या द्रव्याचा विचार आहे. ३६ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड १९८२ मध्ये स्वीडनमध्ये काझुहिको तातेमोतो व व्हिक्टर मुट यांनी डुकराच्या मेंदूतून मिळवले होते. भूक व चिंता यांच्याशी असलेल्या त्याच्या संबंधासाठी ते विशेष ओळखले जाते.

नागपूरच्या अभ्यासकांनी मज्जातंतूला इजा झालेले उंदीर निवडले, म्हणजे मॉर्फिनची खरी कसोटी जेथे लागते तीच स्थिती घेतली. मॉर्फिन प्रथम दिल्यावर, ते दीर्घकाळ देत राहिल्यावर आणि ते बंद केल्यावर, अशा तिन्ही अवस्थांत वेदनेला मिळणाऱ्या प्रतिसादात न्यूरोपेप्टाइड वायचा काय सहभाग असतो, हे त्यांनी तपासले. प्राण्याच्या वर्तनाबरोबरच मेंदूच्या भागांतील या पेप्टाइडाच्या प्रमाणाचीही पाहणी केली. आरंभ, सराव आणि माघार या तीन अवस्था सुट्या न पाहता एकाच तोलाचे तीन टप्पे म्हणून पाहणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होय.

याच परंपरेतील २०१२ चा एक शोधनिबंध मॉर्फिनच्या दुसऱ्या बाजूविषयी आहे. मेंदूतील न्यूक्लिअस अ‍ॅकम्बेन्स हा भाग सुखाच्या व ओढीच्या अनुभवाशी निगडित आहे. तेथे मॉर्फिनमुळे निर्माण होणारी ओढ 'कार्ट' नावाच्या पेप्टाइडामार्फत व डोपामिननंतरच्या टप्प्यावर घडते, असे या गटाने दाखवले. वेदनाशमनाचे मार्ग व ओढीचे मार्ग एकमेकांना स्पर्श करीत असले तरी ते सर्वस्वी एक नाहीत, हा विचार अशा संशोधनातून बळकट होतो. पुढील विवेचनात तो महत्त्वाचा ठरतो.

कायदा आणि रुग्ण : १९८५ नंतर

वर उल्लेखिलेली काही वर्षे क्रमाने मांडली असता एक विलक्षण योगायोग दिसतो. १९८३ व १९८५ मध्ये अफूविरोधी पेप्टाइडांचे शोध लागले. १९८५ मध्ये भारतीय संसदेने अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुई जोस डिसूझा यांनी 'शांती आवेदना' हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीचे सूत्र साधे होते : औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, घड्याळानुसार द्यावे, पायरीपायरीने वाढवावे आणि प्रत्येक व्यक्तीनुसार ठरवावे. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनची सर्वांना लागू पडेल अशी एक ठरावीक मात्रा या पद्धतीत नव्हती. दुष्परिणामांवर लक्ष ठेवून, ज्या मात्रेने त्या रुग्णाला आराम पडतो, ती त्याची मात्रा. पेप्टाइडांच्या संशोधनातून जे निष्पन्न होत होते, तेच येथे उपचाराच्या भाषेत उतरले होते.

१९८५ च्या कायद्याची भाषा मात्र वेगळी होती. तीत किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती व काही काळ नियमभंगाच्या किरकोळ चुका आणि अवैध व्यापार यांत पुरेसा भेद नव्हता. राज्याराज्यांचे नियम निरनिराळे असल्याने मॉर्फिन बाळगण्यासाठी, आणण्यासाठी व वापरण्यासाठी अनेक परवाने लागत. एका परवान्याची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. परिणामी रुग्णालयांनी व औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ मध्ये देशात सुमारे ७१६ किलो मॉर्फिन वापरले जात होते. १९९७ मध्ये ते सुमारे १८ किलोंवर आले. जो देश जगाच्या औषधनिर्मितीसाठी कायदेशीर अफू पिकवतो आणि ज्याचे सरकारी अफू कारखाने नीमच व गाझीपूर येथे आहेत, त्याच देशातील रुग्णाला अफूचे औषध मिळेनासे झाले.

मुंबईसारख्या शहरात याचा अर्थ अंतराच्या भाषेत सांगता येतो. १९४१ मध्ये स्थापन झालेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय हे कर्करुग्णांचे मुख्य आश्रयस्थान. घाटकोपर, विक्रोळी किंवा मुलुंडच्या रुग्णाला घराजवळच्या औषध दुकानात मॉर्फिनची गोळी मिळण्याची शक्यता फार कमी. ती आणण्यासाठी घरातील कोणीतरी मध्य रेल्वेच्या गर्दीतून परळ गाठावयाचे, हा अनेक कुटुंबांचा क्रम झाला. गोळी चार तासांनी द्यावयाची असते आणि वेदना गाडीच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. उपनगरातील रुग्णाची ही स्थिती असेल, तर विदर्भ-मराठवाड्यातील खेड्यांविषयी निराळे सांगावयास नको.

परिस्थिती बदलण्यास वेळ लागला. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कोळिकोड येथे समाजाधारित उपशामक सेवेचा आदर्श उभा केला. १९९४ मध्ये भारतीय उपशामक सेवा संघटना स्थापन झाली. १९९८ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना नियम सुलभ करण्याची सूचना केली. २०१२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात उपशामक वैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. अखेर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन 'आवश्यक अमली औषधे' हा वर्ग निर्माण करण्यात आला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी देशभर समान नियम करण्याचा मार्ग मोकळा झाला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे या वर्गात आली.

भीतीची दुसरी बाजू

कायद्यामागील भीती निराधार होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. बाळागोळीने घेतलेले बळी, अफूचे अड्डे आणि १९८० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत पसरलेली 'ब्राउन शुगर' ही त्या भीतीमागची वास्तवे होती. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अफूवर्गीय औषधे सैलपणे व औषध कंपन्यांच्या प्रचाराखाली दिली गेल्याने जे अनर्थ घडले, तेही विसरता येत नाहीत. भारतातही ट्रॅमाडॉलचा गैरवापर वाढल्याने २०१८ मध्ये ते याच कायद्याच्या कक्षेत आणावे लागले.

प्रश्न नियंत्रण असावे की नसावे हा नसून नियंत्रण कोणत्या समजुतीवर उभे असावे, हा आहे. येथे तीन अवस्था निरनिराळ्या ओळखणे आवश्यक आहे. सराव म्हणजे त्याच आरामासाठी अधिक मात्रा लागणे. शारीरिक अवलंबित्व म्हणजे औषध एकाएकी थांबवल्यास त्रास होणे. व्यसन म्हणजे हानी होत असतानाही औषधाची ओढ न सुटणे. पहिल्या दोन अवस्था दीर्घकाळ मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णात शरीरधर्मानुसार येऊ शकतात. मात्रा हळूहळू कमी करून त्या हाताळता येतात. त्यांना तिसऱ्या अवस्थेचे नाव दिले की, अधिक मात्रा मागणारा रुग्ण व्यसनी ठरतो व त्याची वेदना अविश्वासास पात्र होते. उलट, सुखाच्या ओढीचा मेंदूतील मार्ग वेदनाशमनाच्या मार्गाहून काही अंशी वेगळा आहे हे लक्षात घेतल्यास, जोखीम कोणत्या रुग्णात अधिक आहे याचा विचार करून औषध देणे शक्य होते.

समारोप

अफूच्या इतिहासात मुंबईने तीन वेगवेगळ्या भूमिका वठवल्या. प्रथम ती अफूची बाजारपेठ होती. नंतर बाळागोळीची चाळ होती. पुढे कायद्याच्या जाळ्यात अडकलेल्या मॉर्फिनची प्रतीक्षा करणारे रुग्णालय झाली. तिन्ही काळांत अफूकडे पाहण्याची दृष्टी मूलतः एकच राहिली : तिचे सामर्थ्य तिच्या वजनात आहे. व्यापाऱ्याने ती पेट्यांत मोजली, आईने गोळ्यांत आणि शासनाने परवान्यांत.

एन्केफॅलिनपासून कोलेसिस्टोकायनिनपर्यंत आणि अ‍ॅबरडीनपासून नागपूरपर्यंतच्या संशोधनाने या दृष्टीला छेद दिला. मॉर्फिनची गोळी ज्या मेंदूत जाते, तेथे आधीच वेदनेच्या बाजूने व विरोधात काम करणारी पेप्टाइडे असतात. मज्जातंतूंची इजा, वय, आधीचे औषध, भीती आणि विश्वास यांनुसार त्यांचा तोल बदलतो. म्हणून योग्य मात्रेचा निर्णय केवळ औषधाच्या बाटलीवरून होऊ शकत नाही. तो रुग्णाला विचारूनच करावा लागतो.

यातून व्यवहारासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. मान्यताप्राप्त संस्थांचे जाळे परळपुरते न राहता उपनगरांतील व जिल्ह्यांतील सार्वजनिक रुग्णालयांपर्यंत विस्तारले पाहिजे. वेदनेचे मूल्यमापन व मॉर्फिनचा वापर हे वैद्यकीय व परिचारिका अभ्यासक्रमाचे अविभाज्य अंग व्हावे. कुटुंबीयांना सराव, अवलंबित्व व व्यसन यांतील फरक त्यांच्या भाषेत समजावून सांगितला जावा, कारण घरात गोळी द्यायची की नाही हा निर्णय पुष्कळदा त्यांचाच असतो. पेप्टाइडांवर आधारित नवी औषधे केव्हा हाती येतील हे काळच ठरवील. परंतु 'मला अजून दुखते आहे' असे म्हणणाऱ्या रुग्णावर विश्वास ठेवण्यास आजचे ज्ञान पुरेसे आहे.